एकच वाय-फाय पासवर्ड सगळ्यांना? धंद्यात ही सवय सोडा



मागच्या व्हिडिओत राउटरला रेडियस कसं जोडायचं ते दाखवलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न सेटिंगबद्दल नव्हताच. प्रश्न असा होता: "सर, एवढं सगळं कशाला? एक पासवर्ड दिला की काम झालं." प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत बटणं कुठे दाबायची ते सांगून होतं, पण दाबायची की नाही हे सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून आज लिहितोय.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या वाय-फायवर रोज दहापेक्षा जास्त माणसं येत असतील, तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि प्रत्येकाला ठरलेली लिमिट हवीच. दहाच्या आत असाल तर बहुतेक वेळा नको. आणि कुणी तुम्हाला तीन माणसांच्या दुकानासाठी हे विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आपल्या रोडवरचं चित्र

केबिन रोडवर एक चक्कर मारा. खाली मोबाइलचं दुकान, वर क्लास, त्याच्या वर सीएचं ऑफिस, मागच्या बिल्डिंगमध्ये अभ्यासिका. जागा लहान, भाडं मोठं, त्यामुळे एका जागेत जास्तीत जास्त माणसं बसवायची हेच गणित. नेटचंही तेच. एक कनेक्शन, एक राउटर, भिंतीवर चिकटवलेला एक कागद आणि त्यावर दुकानाच्या नावापुढे १२३ लावलेला पासवर्ड.

हा कागद म्हणजे काय, ते धंद्याच्या भाषेत समजून घ्या. समजा तुम्ही उधारीची वही ठेवली, पण त्यात गिऱ्हाइकाचं नावच लिहिलं नाही. फक्त "माल गेला" एवढं लिहिलं. महिन्याच्या शेवटी माल गेलाय हे कळेल, कुणी नेला हे कधीच कळणार नाही. एकच पासवर्ड म्हणजे नाव नसलेली उधारीची वही.

त्यातून तीन ठिकाणी नुकसान होतं.

पहिलं, माणूस सोडून गेला तरी चावी त्याच्याकडेच राहते. पोरगा काम सोडून समोरच्या दुकानात गेला, तरी त्याचा फोन तिथे बसून तुमच्या नेटवर चालू. तुम्ही म्हणाल, पासवर्ड बदलू. बदलून बघा. बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वाय-फायवरची कार्ड मशीन, सगळं पुन्हा जोडावं लागतं. अर्धा दिवस जातो. म्हणून कुणीच बदलत नाही, आणि दोन-तीन वर्षं तोच पासवर्ड अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतो.

दुसरं, एक माणूस सगळ्यांचं नेट खातो. १०० एमबीपीएसचं कनेक्शन असलं आणि एका पोराने गेमचं मोठं अपडेट लावलं, तर तो एकटा जवळजवळ सगळी लाइन ओढू शकतो. राउटरला त्यात चूक दिसत नाही, कारण त्याला कुणी लिमिट सांगितलेलीच नाही. संध्याकाळी सातला गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाचं पेमेंट गोल-गोल फिरतं आणि आपण नेट कंपनीला शिव्या घालतो.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. ते जबाबदारीचं आहे.

२००८ मध्ये काय झालं होतं

वयाने लहान असलेल्यांना हे आठवणार नाही, म्हणून सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी मीडियाला धमकीचा ईमेल गेला होता. तो ईमेल कुठून गेला याचा माग काढत तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्याला, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट कनेक्शनपर्यंत. त्याचं वाय-फाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं. पण चौकशी कुणाची झाली? ज्याच्या नावावर कनेक्शन होतं त्याची. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क असंच वापरलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका खासगी कंपनीचं.

म्हणजे एक घर, एक कॉलेज, एक कंपनी. तिन्ही आपल्याच मुंबई परिसरातले. तिघांपैकी कुणीही तो ईमेल लिहिला नव्हता. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधायची मोहीम जाहीर केली होती.

मग २३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढली. त्यातला गाभा असा: वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटली पाहिजे. सार्वजनिक हॉटस्पॉटवर एकतर फोटो ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन पाठवा आणि ती नोंद एक वर्ष ठेवा. स्टेशनवर, एअरपोर्टवर, मॉलमध्ये वाय-फाय घेताना मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात ना, त्याचं मूळ इथे आहे.

ती सूचना कंपन्यांना होती, तुमच्या-माझ्या दुकानाला उद्देशून नव्हती. पण तपास कनेक्शनच्या मालकाच्या दारापर्यंत येतो, ही गोष्ट दुकानालाही लागू आहे. आज धमकीच्या ईमेलपेक्षा ऑनलाइन फसवणुकीची शक्यता जास्त. तुमच्या वाय-फायवरून कुणी कुणाला गंडवलं आणि "त्या दिवशी त्या वेळी नेटवर कोण होतं?" असं विचारायला कुणी आलं, तर भिंतीवरचा कागद दाखवून उत्तर मिळत नाही.

रेडियस तुम्ही रोज वापरताय

रेडियस हा शब्द ऐकून घाबरू नका. तुमच्या घरी लोकल केबलवाल्याचं फायबर असेल, तर पहिल्या दिवशी पोरगा आला होता आणि राउटरमध्ये एक युजर आयडी आणि पासवर्ड टाकून गेला होता. प्लॅन संपला की नेट आपोआप बंद होतं. रिचार्ज केला की आपोआप चालू होतं. डेटा संपला की स्पीड कमी होतो. हे करायला त्याच्या ऑफिसात कुणी बटण दाबत बसलेलं नसतं. अशा कनेक्शनमागे बहुतेक ठिकाणी रेडियस सर्व्हरच हे काम करतो.

त्याचं काम तीन प्रश्नांचं. तू कोण? तुला काय-काय मिळणार? तू किती वापरलंस? पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा परवानगीचा, तिसरा हिशोबाचा. राउटर हा दारावरचा वॉचमन आणि रेडियस म्हणजे आत बसलेला मुनीम. वॉचमन प्रत्येक माणसाबद्दल मुनीमाला विचारतो. मुनीम वहीत बघून सांगतो, "आत सोड, ५ एमबीपीएस दे, दोन तासांनी बाहेर काढ." माणूस गेला की वॉचमन परत येऊन सांगतो, किती वेळ बसला, किती डेटा वापरला. मुनीम लिहून ठेवतो.

ही पद्धत १९९१ ची आहे. फोन लाइनवरून कर्र-कर्र आवाज करत नेट जोडायचं, त्या डायल-अपच्या काळात अमेरिकेत ती तयार झाली. पुढे तिचं जाहीर प्रमाण ठरलं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात. मोठ्या विद्यापीठांतही हेच चालतं. आयआयटी मुंबईचा विद्यार्थी परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात गेला, तर ईडुरोम नावाच्या व्यवस्थेतून आपल्याच कॉलेजच्या लॉगिनने तिथलं वाय-फाय वापरू शकतो. तिकडचा मुनीम इकडच्या मुनीमाला विचारतो, एवढंच. म्हणजे हे खेळणं नाही, तीस वर्षांहून जुनी, पारखलेली गोष्ट आहे.

हिशोब करून बघू: ४० मुलांची अभ्यासिका

अभ्यासिकेचं उदाहरण घेतो, कारण भाईंदरमध्ये हा धंदा सुरू करायचा म्हणणारे बरेच जण भेटतात. घरात जागा नाही, आवाज आहे, म्हणून मुलं पैसे भरून बसायला येतात. ४० खुर्च्या, १०० एमबीपीएसचं कनेक्शन.

आधी स्पीड. सगळे ४० एकदम चालू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २.५ एमबीपीएस. यूट्यूबवर ७२०पी क्वालिटीचं लेक्चर बघायला साधारण एवढंच लागतं. पण सगळे एकाच क्षणी व्हिडिओ बघत नाहीत. कुणी पुस्तक वाचतंय, कुणी पीडीएफ. म्हणून प्रत्येकाला ५ एमबीपीएसची लिमिट लावली तरी चालतं. लेक्चर नीट चालेल आणि कुणी एकटा लाइन ओढून नेऊ शकणार नाही.

आता डेटा. इथे बरेच जण फसतात. प्लॅनवर "अनलिमिटेड" लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असू शकते. मोठ्या कंपन्यांच्या घरगुती प्लॅनमध्ये हा आकडा दिसतो. हिशोब करा: ४० मुलं, रोज ३ जीबी, ३० दिवस. झाले ३६०० जीबी. शेवटच्या दोन-तीन दिवसांत स्पीड पडणार, आणि ते दिवस नेमके परीक्षेच्या आधीचे असले तर फी परत मागायला रांग लागेल. तेच रोज २.५ जीबी केलं तर ३००० जीबी होतात. मर्यादेच्या आत.

२.५ जीबीत मुलाला काय मिळतं? ७२०पीचं लेक्चर तासाला साधारण १.१ जीबी खातं, म्हणजे सव्वादोन तास. ४८०पीवर बघितलं तर तासाला अर्धा जीबी, म्हणजे पाच तास. अभ्यासाला पुरेसं. वेब सिरीजला नाही. आणि हे तुम्ही प्रवेशाच्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवा. लिमिट आधी सांगितली तर तो नियम असतो, नंतर कळली तर ती फसवणूक वाटते.

डेटा संपल्यावर नेट पूर्ण कापू नका. स्पीड अर्ध्या एमबीपीएसवर आणा. व्हॉट्सॲपचा मेसेज जाईल, पीडीएफ उघडेल, व्हिडिओ चालणार नाही. मुलाची गरज भागते आणि काउंटरवर भांडण होत नाही.

बाकी तीन लिमिट अशा ठेवा. एका लॉगिनवर एकच डिव्हाइस, फार तर दोन, नाहीतर एकाच्या लॉगिनवर पाच मित्र बसतात. फी ज्या तारखेला संपते त्या तारखेला लॉगिन आपोआप बंद. आणि सकाळच्या बॅचला सकाळचीच वेळ.

यातली फीची तारीख मला सगळ्यात आवडते. मालक म्हणून "फी भर" हे चारचौघांत सांगणं अवघड जातं, मुलालाही लाज वाटते. लॉगिन बंद झालं की तो स्वतःहून काउंटरवर येतो. वसुलीचं अवघड बोलणं वाचतं.

सेटिंग करताना कुठे अडतं

व्हिडिओत घाईत राहिलेले मुद्दे इथे लिहितो.

एक, फोनच्या पत्त्यावर लिमिट लावू नका. प्रत्येक फोनला वाय-फायचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पूर्वी लोक तो बघून लिमिट लावायचे. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन खोटा, बदलता पत्ता दाखवायला लागलेत. ते ग्राहकाच्या प्रायव्हसीसाठी चांगलं आहे, पण तुमची लिमिट त्याने निकामी होते. लिमिट माणसाच्या लॉगिनवर लावा.

दोन, लाइट जाणं. लाइट गेली की राउटर मुनीमाला "माणूस गेला" हे सांगू शकत नाही. मुनीमाच्या वहीत तो अजून आतच असतो. लाइट आल्यावर तोच मुलगा लॉगिन करतो आणि उत्तर मिळतं, "तुम्ही आधीच लॉगिन आहात." उपाय: राउटरने दर पाच-दहा मिनिटांनी हिशोब पाठवायची सेटिंग चालू ठेवा, आणि ज्याचा हिशोब येणं थांबलं त्याला सर्व्हरने बाहेर समजावं असं लावा. शिवाय राउटरला छोटा यूपीएस.

तीन, चार जीबीचा घोळ. रेडियसचा डेटा मोजणारा जुना आकडा साधारण ४.३ जीबीला भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्यासाठी गिगावर्ड्स नावाचा वेगळा आकडा आहे, पण सगळी यंत्रं तो पाठवत नाहीत. त्यामुळे एका बैठकीत १० जीबी वापरणाऱ्याचे दीड जीबीच दिसतात. राउटर घेतल्यावर स्वतः ५ जीबी डाउनलोड करा आणि वहीत किती दिसतात ते बघा. ५ दिसले तर पैसे द्या.

चार, जे डिव्हाइस लॉगिन पेज उघडू शकत नाही, त्याला वेगळं ठेवा. सीसीटीव्ही, प्रिंटर, कार्ड मशीन, बिलिंग कॉम्प्युटर, यांचं नेटवर्क गिऱ्हाइकांच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळं हवं. नुसतं नाव वेगळं ठेवून चालत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवरून तुमचा डीव्हीआर दिसता कामा नये, हे स्वतः तपासा. आणि गर्दीच्या वेळी पेमेंटसाठी थोडी लाइन राखून ठेवा.

पाच, रेडियस सर्व्हर आणि राउटर यांच्यातलं बोलणं उघड्या इंटरनेटवरून करू नका. जुलै २०२४ मध्ये या पद्धतीतली एक मोठी कमजोरी जगासमोर आली. तिला ब्लास्ट-रेडियस नाव दिलं गेलं. सर्व्हर आपल्याच जागेत ठेवा, नाहीतर व्हीपीएनमधून जोडा, आणि अपडेट टाळू नका. राउटर आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द "१२३४५" ठेवला, तर एवढं सगळं करून परत भिंतीवरच्या कागदावर आलात.

कुठलं यंत्र घ्यायचं? मिक्रोटिकच्या बऱ्याच राउटरमध्ये युजर मॅनेजर नावाचा रेडियस सर्व्हर टाकता येतो. फ्री-रेडियस हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, पण ते लावणारा आणि सांभाळणारा माणूस हवा. टीपी-लिंकचं ओमाडा किंवा यूबिक्विटीचं यूनिफाय घेतलंत, तर त्यात व्हाउचरची सोय आधीच आहे. तुम्हाला रेडियस हा शब्द शिकायचीही गरज नाही. लहान धंद्याला मी हेच आधी सुचवतो. काम झालं पाहिजे, तंत्राचं नाव काय हे गिऱ्हाइक विचारत नाही.

कोणाला नको

तीन-चार माणसांचं दुकान असेल तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा. धंद्याचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. पाहुण्यांचा पासवर्ड महिन्याला बदला. यात एक रुपया खर्च नाही.

कॅफे असेल तरी विचार करा. गिऱ्हाईक वीस मिनिटांसाठी येतं. त्याच्याकडे स्वतःचा डेटा आहे. त्याला नाव, नंबर, ओटीपी, जन्मतारीख विचारत बसलात तर तो कंटाळतो. बिलावर छापलेला एका तासाचा कोड पुरतो.

काही जण म्हणतात, आता सगळ्यांकडे मोबाइल डेटा आहे, वाय-फायच देऊ नका. मला हे मत अर्धं पटतं. किराणा दुकानाला वाय-फाय द्यायची गरज नाहीच. पण जिथे माणूस तासन् तास बसतो, म्हणजे अभ्यासिका, पीजी, क्लास, ऑफिस, तिथे वाय-फाय ही खुर्ची-पंख्यासारखी सोय आहे. तिथे ते द्यायचं तर नीट द्या.

खर्चाचा मुद्दा येतो तेव्हा लोक फक्त राउटरची किंमत बघतात. खरा खर्च वेळेचा आहे. नवीन मुलगा आला की लॉगिन बनवायचं, पासवर्ड विसरला की बदलून द्यायचा, सोडून गेला की बंद करायचं. रोज पाच-दहा मिनिटं कुणीतरी द्यायलाच हवीत. ती देणारा माणूस ठरलेला नसेल तर मशीन घेऊ नका. सहा महिन्यांनी "सगळ्यांना एकच लॉगिन द्या" यावर गाडी येते, आणि मग रेडियस लावून काहीच उपयोग नाही.

हिशोब ठेवा, पाळत नको

आता जरा वेगळा मुद्दा. नावाने हिशोब दिसायला लागला की मालकाला मोह होतो. कोणता पोरगा किती वेळ नेटवर होता, ते बघून सगळ्यांसमोर बोलायचं. हे करू नका. रेडियसची वही कोण, कधी, किती वेळ, किती डेटा एवढंच सांगते. काय बघितलं हे ती सांगत नाही, आणि ते तुम्हाला कळायचं कारणही नाही. जेवणाच्या सुट्टीत पोराने गावी व्हिडिओ कॉल केला तर तो तुमचा चोर नाही. डेटाची लिमिट आखून दिली आहे ना? मग लिमिटच्या आत तो काय करतो हा त्याचा प्रश्न.

याच वहीची मर्यादा दुसऱ्या बाजूनेही समजून घ्या. समजा चौकशी आली आणि त्या वेळी ३० जण ऑनलाइन होते. बाहेरच्या जगाला सगळ्यांचा इंटरनेट पत्ता एकच दिसतो, तुमच्या कनेक्शनचा. रेडियसची वही ३० नावं देईल, एक नाव देणार नाही. त्यापुढे जायला राउटरची कनेक्शन नोंद लागते. तरीही ३० नावांची, वेळेसकट यादी असणं आणि काहीच नसणं यात फार फरक आहे. राउटरचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा. चुकीच्या वेळेची नोंद चुकीच्या माणसाला अडकवू शकते.

आणि मोबाइल नंबर. वाय-फायसाठी घेतलेला नंबर वाय-फायसाठीच. त्यावर दिवाळी ऑफरचे व्हॉट्सॲप पाठवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हे त्यातलं मुख्य तत्त्व आहे, आणि दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही. पण मुलींच्या नंबरांची वही काउंटरवर उघडी पडलेली असते, हे मी क्लासेसमध्ये बघितलंय. ते कायदा नसता तरी चूकच असतं. आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा जमवण्यापेक्षा ओटीपी बरा.

वाय-फाय विकायचं असेल तर

"सर, मी कूपन छापून बिल्डिंगमध्ये नेट विकू का?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. उत्तर स्पष्ट आहे: घरगुती कनेक्शन घेऊन स्वतःची कूपनं विकू नका. इंटरनेट विकायला परवाना लागतो, आणि तुमच्या कनेक्शनच्या अटींतही पुढे विकायला बंदी असते.

कायदेशीर रस्ता आहे. त्याचं नाव पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. जुने एसटीडी-पीसीओ आठवतात? दुकानाच्या कोपऱ्यात पिवळा बोर्ड, आत फोन, वर मीटर. तीच कल्पना वाय-फायसाठी. दुकानदार पीडीओ होतो, म्हणजे जागा, कनेक्शन आणि वाय-फाय त्याचं. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी फी लागत नाही. लॉगिन आणि हिशोबाचं काम वरची कंपनी बघते, तिला पीडीओए म्हणतात. म्हणजे मुनीम त्यांचा, वॉचमन तुमचा. तुम्हाला रेडियस लावायची गरजच नाही.

यात बराच काळ अडचण होती ती कनेक्शनच्या दराची. पीडीओला महागडं व्यावसायिक कनेक्शन घ्यायला लावलं जायचं. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओलाही द्यायचे आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. हा आदेश माहीत नसलेला सेल्समन भेटला तर त्याला सांगा.

तरी माझं मत विचाराल तर, मोबाइल डेटा इतका स्वस्त असताना नुसत्या वाय-फाय विक्रीवर घर चालणार नाही. नोकरी सोडून यात पडू नका. चालू दुकानाला, जिथे पीजीतली मुलं, कारखान्याचे कामगार, रिक्षावाले रोज थांबतात, तिथे जोडधंदा म्हणून बघा. मुख्य धंद्याला गिऱ्हाईक येतंय का, हा फायदा आधी मोजा.

या आठवड्यात करायची कामं

१. तुमच्या राउटरवर आत्ता किती डिव्हाइस आहेत ते बघा. त्यातली किती ओळखता येतात ते लिहा. ओळखता न येणारा आकडा बघून बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो.

२. भिंतीवरचा कागद काढा. धंद्याचं आणि पाहुण्यांचं नेटवर्क आजच वेगळं करा.

३. तुमच्या प्लॅनची बारीक अक्षरं वाचा. महिन्याची मर्यादा काय, पुढे वापरायला द्यायची परवानगी आहे का.

४. माणसं गुणिले रोजचा डेटा गुणिले ३० दिवस, हे गणित कागदावर मांडा. लिमिट त्यातून ठरवा, अंदाजाने नको.

५. लॉगिन देणं-बंद करणं हे काम कोणाचं, त्याचं नाव ठरवा. नाव ठरल्यावरच यंत्र घ्यायला जा.

६. नियम एका पानावर लिहा आणि सगळ्यांना दिसेल असं लावा. पासवर्डच्या कागदाची जागा रिकामी झालीच आहे.

पुढच्या व्हिडिओत व्हाउचर कसे छापायचे आणि फीच्या तारखेला लॉगिन आपोआप बंद कसं करायचं ते स्क्रीनवर दाखवणार आहे. त्याआधी वरचं चौथं काम करून ठेवा. तुमचा आकडा तयार असेल तर व्हिडिओ बघता बघता सेटिंग होऊन जाईल. तुमचा धंदा कोणता आणि रोज किती माणसं वाय-फायवर असतात, ते कळवा. त्यातलीच दोन उदाहरणं घेऊन हिशोब करू.